रात्री पावणेतीनला किती एसी चालू असतात? वापर मोजण्याची पद्धत ठरवायची आहे (रत्नागिरी)

जांभा (धागाकर्ता)

मे महिन्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेला वीज पुरवणाऱ्या रोहित्राचा फ्यूज एकाच आठवड्यात तीन वेळा उडाला. तिन्ही वेळा मध्यरात्र उलटून गेलेली होती, आणि एकदा तर घड्याळात पावणेतीन वाजले होते. आमच्या इमारतीत ३२ सदनिका आणि ४१ एसी आहेत. वाढीव भारासाठी अर्ज करण्यापूर्वी रात्रीच्या कोणत्या वेळी साधारण किती एसी एकदम चालू असतात हे माहीत असावे, म्हणून संस्थेचा सचिव या नात्याने मी एप्रिलमध्येच प्रत्येक घरी एक छापील अर्ज दिला होता. त्यात दोनच प्रश्न होते : एसी रोज किती तास लावता, आणि किती वाजता लावता?

जवळजवळ सर्व घरांनी रात्री दोन ते चार तास लिहिले. बहुतेकांच्या म्हणण्याप्रमाणे एसी साडेनऊ-दहाला लागतो आणि बारा-एकच्या सुमारास बंद होतो. या अर्जांवर विश्वास ठेवायचा तर पावणेतीनला आमच्या इमारतीत सहा-सातच एसी चालू असायला हवेत, आणि सहा-सात यंत्रांनी रोहित्राचा फ्यूज उडत नाही.

कोणी मुद्दाम खोटे लिहिले असे मी मुळीच म्हणत नाही, कारण मी स्वतःही माझ्या अर्जात ‘तीन तास’ असेच लिहिले होते. नंतर मी माझ्या शयनगृहातील एसीच्या सॉकेटला वीज मोजणारे छोटे उपकरण लावले आणि सलग पंधरा रात्रींची नोंद ठेवली. माझा एसी सरासरी सव्वादहाला सुरू होऊन पहाटे साडेपाच-पावणेसहाला बंद होत होता, म्हणजे जवळपास साडेसात तास चालत होता. मला झोप लागेपर्यंतचे तास माझ्या लक्षात राहिले होते आणि झोपेतले तास मी मोजलेच नव्हते.

याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आली. यंत्र दीड टनाचे आहे आणि पूर्ण वेगाने चालताना साधारण दीड किलोवॅट वीज घेते. तीन तास गुणिले दीड युनिट गुणिले तीस रात्री असा कागदावरचा हिशेब केला तर महिन्याला १३५ युनिट येतात. प्रत्यक्ष मोजणीत रात्रीला ५.६, म्हणजे महिन्याला १६८ युनिट आले. हे दोन आकडे एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि नेमकी तीच फसगत आहे. मी तास अर्ध्याहून कमी धरले होते आणि तासाचा खप दुप्पट धरला होता, कारण इन्व्हर्टर यंत्र खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसरचा वेग उतरवते आणि उरलेली रात्र पाऊण युनिटाच्या आसपासच्या सरासरीने निघते. दोन चुकांनी एकमेकींना झाकले. बिलाशी ताळा पाहणाऱ्याला माझा अर्ज बऱ्यापैकी बरोबर वाटला असता, परंतु रोहित्राच्या दृष्टीने तो संपूर्ण चुकीचा होता. रोहित्राला महिन्याची बेरीज कळत नाही, त्याला त्या क्षणाचा भार कळतो.

म्हणून ही मोजणी नीट करायची आहे. हाती पैसे थोडे आहेत आणि घरे माणसांची आहेत, प्रयोगशाळा नव्हेत. कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.

---

पूर्वेचे_बेट

मी मूळचा मालवणचा असून गेली काही वर्षे सिंगापुरात राहतो. तुमचा प्रश्न येथील घरांमध्ये वर्षाचे बाराही महिने पडतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सव्वा अंशावर आहे. किमान तापमान २५ अंशांच्या आसपास आणि कमाल ३१-३२ अंश, आणि जानेवारी असो वा जुलै, त्यात फारसा फरक नाही. कोकणात बिलावरून एसीचा वापर काढताना माणूस साहजिकच मे महिन्याच्या बिलातून जानेवारीचे बिल वजा करतो. आमच्याकडे वजा करायला जानेवारीच नाही. एसी बंद असलेला असा महिनाच नसल्यामुळे बिलाकडे पाहून थंडाव्याचा वाटा वेगळा काढता येत नाही, तो प्रत्यक्ष यंत्रावर मोजावा लागतो. येथील राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने २०१७ साली केलेल्या घरगुती वीजवापराच्या पाहणीत एसीचा वाटा सुमारे २४ टक्के निघाला होता. हा सर्व घरांचा मिळून आकडा आहे. एखाद्या घरातील विशिष्ट रात्र त्याच्या कितीतरी वर किंवा खाली असू शकते.

यंत्रावर मोजण्यातही येथे एक अडचण असते. बहुतेक घरांत बाहेर एकच मोठे यंत्र आणि त्याला जोडलेली खोल्यांमधील दोन-तीन यंत्रे अशी रचना असते. बाहेरच्या यंत्राला मीटर लावला तर एकूण वीज समजते, परंतु मुलांची खोली चालू होती की आईवडिलांची, हे कळत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक खोलीतील एसीच्या हवा सोडणाऱ्या झडपांपाशी बटणाएवढा तापमापक चिकटवणे. हा तापमापक स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि दर पाच किंवा दहा मिनिटांनी तापमान साठवतो. एसी सुरू झाला की झडपेपाशी तापमान २८ वरून काही मिनिटांत १५ च्या खाली येते आणि बंद केला की पुन्हा चढते. आलेखावर ही पायरी इतकी स्पष्ट दिसते की सुरू होण्याची आणि बंद होण्याची वेळ काढायला तर्क लढवावा लागत नाही. विजेच्या तारेला हात लावायचा नसल्यामुळे घरचे लोकही निर्धास्त असतात. केवळ पंख्यावर एसी चालवला तर तापमान उतरत नाही, तेव्हा तोही वेगळा ओळखता येतो.

तुमच्याकडे प्रत्येक खोलीला स्वतंत्र यंत्र असेल, तर चार-पाच घरांत वीजमापक आणि तापमापक दोन्ही लावा आणि इतर सर्व घरांत केवळ तापमापक लावा. ज्या घरांत दोन्ही आहेत त्यांच्यावरून तास आणि युनिट यांचे नाते समजेल.

---

कॉम्प्रेसर_चिपळूण

एसी दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. जांभा यांनी पाऊण युनिटाची जी सरासरी लिहिली आहे ती त्यांच्या यंत्रासाठी खरी असेल, पण तोच दर सर्व ४१ यंत्रांना लावू नये.

इन्व्हर्टर नसलेल्या यंत्राचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण बंद असतो. खोली नेमलेल्या तापमानाला आली की तो ‘कट’ होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतो. अशा दहा यंत्रांची सरासरी कमी असली तरी त्यातील आठ एकाच मिनिटाला चालू असण्याची शक्यता राहते. दुसरी बाब किनाऱ्याची आहे. खाऱ्या हवेने आउटडोअर यंत्राच्या जाळीचे पातळ पत्रे चार-पाच वर्षांत पीठ झाल्यासारखे हाताला लागतात. उष्णता बाहेर टाकण्याची जागाच उरली नाही की कॉम्प्रेसर थांबत नाही, आणि साडेसात तास चालणारे यंत्र साडेसातही तास पूर्ण भाराने चालते. त्यामुळे प्रत्येक यंत्रासमोर त्याचे वय, ते इन्व्हर्टर आहे की नाही, आणि शेवटची साफसफाई केव्हा झाली, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्यांच्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

क्लॅम्प मीटर (तारेला चिमट्यासारखा पकडून तिच्यातील प्रवाह मोजणारा) वापरणार असाल तर तो एकाच तारेभोवती बसवावा लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्या तर आकडा शून्याच्या जवळ येतो आणि लोक मीटर बिघडला असे समजतात. शिवाय अँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट होत नाहीत, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, धरावा लागतो. काहीच उपकरण नसेल तर घराच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पुष्कळ सांगतो. मीटरवर ‘३२०० इम्प प्रति युनिट’ असे छापलेले असल्यास ३२०० लुकलुकींचा एक युनिट होतो. बाकी सर्व बंद करून एसी चालवा आणि एक मिनिट मोजा. ऐंशी वेळा लुकलुकला तर भार दीड किलोवॅट, चाळीस वेळा तर पाऊण.

आता एक प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर कृपया शोधून द्यावे. इमारतीला वीज लाल, पिवळा आणि निळा अशा तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांतून येते आणि प्रत्येकीचा फ्यूज वेगळा असतो; तिन्ही वेळा फ्यूज एकाच फेजचा उडाला होता का? आणि फ्यूज उडण्याआधी वीज गेलेली होती का?

---

आगर

मी रेवदंड्याकडची. दोन मुद्दे मांडते.

जानेवारीचे बिल वजा करण्याची पद्धत आपल्याकडेही निर्दोष नाही, कारण जानेवारीत गीझर चालतो आणि मे महिन्यात तो बंद असतो. उलट मे महिन्यात फ्रीज अधिक वीज खातो आणि पंखे दिवसभर फिरतात. तेव्हा वजाबाकीतून उरतो तो निव्वळ एसी नव्हे.

दुसरा मुद्दा दमटपणाचा आहे. आमच्या एसीच्या नळीखाली सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून बादली ठेवली आहे, कारण ते पाणी लादी पुसायला आणि भांड्यांना पहिला हात मारायला चालते. मार्चमध्ये रात्रीत तीन-चार लिटर जमते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, दहा लिटरची बादली काठोकाठ भरते. एसीवरचे तापमान आम्ही वर्षभर बदलत नाही. हे पाणी मोजून काही कळेल का, हे जाणकारांनी सांगावे.

---

जांभा

आगरताई, तुमच्या बादलीने मला दोन दिवस वहीत गुंतवून ठेवले, त्याबद्दल मनापासून आभार.

एक लिटर पाणी हवेतून काढायचे म्हणजे त्याच्या वाफेची सुप्त उष्णता शोषून घ्यायची. ती लिटरला साधारण ०.६८ युनिट भरते. एसी एका युनिट विजेत सुमारे साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकतो असे धरले, तर प्रत्येक लिटरमागे जवळपास ०.२ युनिट वीज केवळ हवा कोरडी करण्यात जाते. मी माझ्या नळीखाली बादली ठेवली तेव्हा एका रात्रीत सात लिटर पाणी जमले, म्हणजे १.४ युनिट. माझ्या रात्रीच्या ५.६ युनिटांपैकी पाव वाटा हवेचा ओलावा काढण्यात गेला, आणि तापमापकावर त्याची खूणसुद्धा दिसत नाही. तुमची दहा लिटरची रात्र याच हिशेबाने दोन युनिटांची होते.

यामुळे एसीवर चिकटवलेल्या ताऱ्यांच्या लेबलाकडेही मी नव्याने पाहिले. त्यावर छापलेला वार्षिक खप वर्षाला १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो आणि बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान गृहीत धरलेले असते. रात्रीचे आठ तास धरले तर १६०० तास म्हणजे २०० रात्री. आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून पावसाचा जम बसेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात असा वापर करणाऱ्या घराच्या १३०च्या आसपास रात्री होतात, तर सिंगापुरात रोज रात्री एसी लावणारे घर २९०० तासांच्या पुढे जाते. शिवाय यंत्राची प्रमाण चाचणी खोलीत २७ अंश आणि निम्म्याहून थोडी कमी आर्द्रता धरून होते. कोकणातल्या खोलीत दार लावताना आर्द्रता ७५-८० टक्के असते. लेबल खोटे नाही, दोन यंत्रांची तुलना करायला ते उत्तम आहे. आपल्या घरातील रात्र मात्र त्यावरून मोजता येत नाही.

कॉम्प्रेसर_चिपळूण यांच्या प्रश्नांचे उत्तर अजून माझ्याकडे नाही. लाईनमनना विचारून लिहितो.

---

माजघर

मोजणीला माझा विरोध नाही, तरीही एक काळजी नोंदवते. दर दहा मिनिटांची नोंद म्हणजे त्या घराची दिनचर्याच आहे. कोणत्या रात्री घर रिकामे होते, कोणाच्या खोलीत पहाटे तीनला जाग होती, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, हे सर्व त्या आलेखातून वाचता येते. माझ्या वडिलांना श्वासाचा त्रास आहे आणि त्यांच्या खोलीतला एसी मे महिन्यात दुपारीही चालू असतो. उद्या संस्थेच्या सभेत ‘अमक्या घराचा वापर सर्वांत जास्त’ असा कागद फिरला, तर त्यामागचे कारण सांगत बसण्याची पाळी आमच्यावर येईल. ही माहिती कोणाच्या हातात राहणार, हे तापमापक चिकटवण्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे.

---

पूर्वेचे_बेट

माजघर यांचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवेन. रोहित्राच्या प्रश्नासाठी घरनिहाय आकडा लागतच नाही. प्रत्येक अर्ध्या तासाला इमारतीतील किती एसी चालू होते, एवढी एकच संख्या पुरते. तापमापकांवर सदनिकेचा क्रमांक न लिहिता चिठ्ठी काढून आलेला क्रमांक लिहावा, घर आणि क्रमांक यांची जोडी त्या घराखेरीज कोणाकडेही असू नये, आणि ज्याला आपला आलेख हवा असेल त्याला तो द्यावा.

घरे निवडतानाही चिठ्ठ्याच टाका. ‘कोण तयार आहे?’ असे विचारले तर काटकसरीने एसी वापरणारेच पुढे येतात आणि आकडा आपोआप खाली उतरतो. पहिल्या काही रात्री लोक आपण मोजले जात आहोत या जाणिवेने वागतात, म्हणून पहिला आठवडा वेगळा ठेवून पुढच्या आठवड्यांशी त्याची तुलना करा. उपकरणे थोडी आहेत म्हणून ती या आठवड्यात चार घरांत आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चार घरांत, अशी फिरवू नका. तुमचा प्रश्न ‘एकाच वेळी किती’ असा आहे, आणि वेगवेगळ्या रात्रींची बेरीज करून त्याचे उत्तर मिळत नाही.

अर्ज पुन्हा द्यायचाच असेल, तर ‘रोज किती तास’ असे न विचारता ‘काल रात्री किती वाजता लावला आणि सकाळी उठलात तेव्हा चालू होता का’ असे विचारा. सर्वसाधारण सवयीबद्दल विचारले की माणूस स्वतःबद्दलची समजूत सांगतो, कालच्या रात्रीबद्दल विचारले की आठवण सांगतो.

---

खारा_वारा

मुंबईहून लिहितो. नोंदीत हवामानाचा रकाना अवश्य ठेवा, आणि त्यात कमाल तापमानावर थांबू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा खारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत येत नाही, तेव्हा किनाऱ्यावर पारा एकदम चढतो. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले होते ते याच ऋतूत. हवामान खातेही किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागातील ४० ऐवजी ३७ अंशांची मर्यादा धरते. पण अशा कोरड्या दिवसांनंतरची रात्र कित्येकदा पंख्यावर निभावते. मे महिन्याच्या अखेरीस दिवसाचे तापमान ३३-३४ अंशच असते आणि रात्री मतलई वारा पडून राहतो, तेव्हा पंख्याखालीही घाम वाळत नाही. त्या रात्री एसी बंद होत नाहीत. म्हणून रात्रीचे किमान तापमान आणि आर्द्रता हे दोन रकाने असल्याशिवाय वापर का वाढला हे समजणार नाही.

आणखी एक गोष्ट. वीज गेल्यावर वीजमापक शून्य दाखवतो किंवा नोंदच करत नाही. तो शून्य ‘एसी बंद केला’ असा मोजू नका, ती जागा रिकामी ठेवा. वळवाच्या पावसाच्या रात्री अशा जागा बऱ्याच निघतील.

---

जांभा

लाईनमनशी सविस्तर बोलणे झाले. तीनपैकी दोन वेळा निळ्या फेजचाच फ्यूज उडाला होता, आणि पावणेतीनची घटना त्यातीलच आहे. तिसऱ्या वेळी कोणता फेज होता हे त्यांना आठवत नाही, मात्र त्या रात्री एकच्या सुमारास वीज गेली होती आणि परत आल्यावर दोन-तीन मिनिटांत फ्यूज उडाला, हे त्यांच्या पक्के लक्षात आहे.

त्यानंतर परवानाधारक वायरमनला बोलावून मीटरच्या खोलीत कोणती सदनिका कोणत्या फेजवर आहे याची यादी करून घेतली. वरच्या दोन मजल्यांवरील बहुतेक सर्व सदनिका निळ्या फेजवर निघाल्या. बांधकामाच्या वेळी खालून वर जोडत नेताना तसे झाले असावे. गच्चीची स्लॅब दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहते, त्यामुळे वरच्या खोल्यांतील कॉम्प्रेसर मध्यरात्रीनंतरही मंद होत नसणार. माझे घर पहिल्या मजल्यावर आहे. माझ्या पाऊण युनिटावरून मी वरच्या मजल्यांचा अंदाज बांधत होतो, ही माझी चूक झाली.

---

कॉम्प्रेसर_चिपळूण

तर मग ४१ एसींची बेरीज करण्याआधी तीन फेजची तीन स्वतंत्र गणिते करा. निळा भरलेला आणि लाल-पिवळा निम्मे रिकामे असतील, तर वाढीव भार घेऊनही फ्यूज उडत राहील. वायरमनकडून इमारतीच्या मुख्य केबलवर तिन्ही फेजचा भार नोंदणारे उपकरण आठवडाभर लावून घ्या. एकूण भार त्यावरून मिळेल आणि त्यात एसी किती, हे तापमापक सांगतील. हे काम सभासदांपैकी कोणीही स्वतः करू नये, मुख्य केबल ही हात घालण्याची जागा नव्हे.

वीज परत आल्यावरचा फ्यूज समजण्यासारखा आहे. वीज गेली त्या क्षणी काही यंत्रे कट झालेली, काही मंद झालेली असतात. तासाभरात सर्व खोल्या तापतात आणि वीज येताच सगळी यंत्रे एकदम पूर्ण भाराने धावू लागतात. वीज आल्यावर एसी लगेच न लावता वरच्या मजल्यांनी पंधरा मिनिटे आणि खालच्यांनी अर्धा तास थांबावे, एवढे ठरले तरी पुष्कळ फरक पडेल. जी यंत्रे आपोआप सुरू होतात त्यांची ती सोय बंद करता येते का, हे त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे.

---

जांभा

रविवारच्या सभेत पुढील गोष्टी मान्य झाल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात पहिली मोजणी होईल आणि मार्च ते जून दुसरी. बारा तापमापक आणि तीन वीजमापक घेतले जातील. वरच्या दोन मजल्यांतून सहा आणि उरलेल्यांतून सहा घरे चिठ्ठीने निवडली जातील, आणि कोणाला नको असल्यास कारण न विचारता पुढची चिठ्ठी काढली जाईल. माजघर यांचा मुद्दा मी जसाच्या तसा वाचून दाखवला. घर आणि क्रमांक यांची यादी केली जाणार नाही, असे इतिवृत्तात लिहिले आहे. मात्र फेजचे गणित करायचे असल्याने क्रमांकापुढे लाल, पिवळा किंवा निळा एवढी नोंद ठेवावी लागेल, आणि त्याला सर्वांनी संमती दिली आहे.

निळ्या फेजवरील पाच सदनिका लाल फेजवर हलवण्याचा अर्ज त्याआधीच दिला जाईल. त्यामुळे मे महिन्याची स्थिती आता मोजता येणार नाही याची मला थोडी खंत आहे, परंतु फ्यूज उडत ठेवून आकडे गोळा करणे योग्य नव्हे. हलवण्यापूर्वीच्या आठवड्यात मुख्य केबलवरचे उपकरण तेवढे लावून घेतो.

आगरताई, बादल्या आठ घरांनी स्वतःहून मागून घेतल्या आहेत. त्यांवर आतून लिटरच्या खुणा करून देण्याचे काम तिसऱ्या मजल्यावरच्या दोन शाळकरी मुलींनी अंगावर घेतले असून सकाळी पाणी ओतण्यापूर्वी आकडा वहीत लिहिण्याची जबाबदारीही त्यांनीच वाटून दिली आहे. पहिल्या आठवड्याच्या नोंदी आल्या की याच धाग्यावर मांडतो.